ब्रेकची धातूची लाइन स्वतः बनवताना: नळी, फ्लेअर आणि बसवणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची धातूची लाइन गंजून इंधनाच्या टाकीच्या वरच्या बाजूला फुटली. गॅरेजवाला म्हणतो, गंजलेला तुकडा कापून मध्ये कॉम्प्रेशन जोड टाकू, पटकन काम होईल. तुम्हाला मात्र अख्खी लाइन नवीन बनवून स्वतः बसवायची आहे. त्यासाठी नळी कोणती घ्यायची, टोकाला फ्लेअर (नळीचं तोंड उघडून किंवा फुगवून दिलेला आकार) कोणता करायचा आणि हत्यारं काय लागतील, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी त्या जोडाचं बघू. तो टाकू नका. कॉम्प्रेशन जोडात एक छोटी पितळी रिंग नळीवर आवळली जाते आणि त्या पकडीवरच सगळं अवलंबून असतं. पाण्याच्या किंवा हवेच्या लाइनला ते चालतं. ब्रेकच्या लाइनमध्ये साध्या ब्रेकिंगलाच २० ते ५० बार दाब येतो, आणि समोर काही आडवं आलं म्हणून जीव खाऊन पाय दाबला तर तो १०० बारच्या वर जातो. त्यात गाडीची थरथर आणि दाबाची सततची चढउतार असते. अशा वेळी नळी रिंगेतून सरकू शकते, आणि सरकायची झाली तर सगळ्यात जास्त दाबाच्या क्षणीच सरकणार, म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच. दोन्ही टोकांना नीट फ्लेअर करून मध्ये ब्रेकचं युनियन (दोन फ्लेअर जोडणारा आटेवाला जोड) टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. तो जोड धरतो. पण एका जागी आरपार गंजलेली नळी बाकीच्या लांबीवर ठणठणीत असेल, असं क्वचितच दिसतं. क्लिपच्या खाली जिथे चिखल अडकून ओल राहते, तिथे पुढची गळती तयार होत असते. त्यामुळे लाइन अख्खी बदलायचा तुमचा विचार बरोबर आहे.

नळी वाकवता येईल का, याची नवख्यांना फार धास्ती असते. खरं तर वळण थोडं कमी सुबक आलं तरी ब्रेक लागतात. काम फसतं ते टोकांना. या जोडात ना वॉशर असतो, ना रबरी रिंग. नळीच्या तोंडाचा धातू पोर्टच्या (नळी जिथे बसते त्या आटेदार भोकाच्या) आतल्या बैठकीवर दाबला जातो आणि तेवढ्याच स्पर्शावर ते सगळं ऑइल अडतं. नटाचं काम फक्त दाबून धरायचं, आट्यांमधून सील होत नाही. म्हणून ब्रेकच्या नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली दिसली की मी आधी त्या नटामागचा फ्लेअर तपासतो, कारण टेप लावण्याची वेळ कुणावर का आली असेल ते उघड आहे. शिवाय टेपचा एखादा धागा सुटून आत गेला तर तो एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसू शकतो.

तेव्हा खरेदीला जाण्याआधी तुमच्या गाडीत फ्लेअर कोणता आहे ते बघा. रस्त्यावरच्या गाड्यांत दोन प्रकार भेटतात. पहिला डबल फ्लेअर. यात नळीचं तोंड ४५ अंशात फनेलसारखं उघडलेलं असतं, पण कड आत दुमडून दुहेरी केलेली असते. समोर पोर्टच्या तळाशी एक उभा शंकू असतो आणि नळीचं उघडं तोंड त्याच्यावर बसतं. दुसरा बबल फ्लेअर, म्हणजे आयएसओ फ्लेअर. यात टोक बाहेर फुगवलेलं असतं, पुढून गोलसर उतरतं आणि मागून सपाट. याच्या पोर्टमध्ये शंकू नसतो, उलट तळ आत खोलगट उतरलेला असतो. ढोबळमानाने जपानी आणि अमेरिकी गाड्यांत डबल, युरोपीय गाड्यांत बबल. पण हा अंदाज झाला. एकाच गाडीत दोन्ही प्रकार निघू शकतात, विशेषतः आधी कुणी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा भाग) किंवा कॅलिपर (चाकाशी ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदललं असेल तर. त्यामुळे जुनं टोक पुसून हातात घेऊन बघा आणि टॉर्च मारून पोर्टचा तळही बघा.

एक शॉर्टकट सर्रास चालतो, त्याबद्दल सावध करतो. डबल फ्लेअरच्या हत्याराने पहिली पायरी केली की टोक फुगल्यासारखं दिसतं, आणि 'झाला बबल' म्हणून तिथेच थांबणारे लोक आहेत. तो बबल नव्हे. त्याची मागची बाजू सपाट नसते, त्यामुळे नटाचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. बबलसाठी वेगळी डाय (टोकाला आकार देणारा ठसा) येते, तीच वापरायची.

सिंगल फ्लेअर, म्हणजे कड न दुमडता नुसतं तोंड उघडणं, पोलादी ब्रेक लाइनला चालत नाही. एकच थर ताणला जातो, कडेला चीर पडते आणि ती चीर हळूहळू मागे सरकते.

आता आटे. इथे चूक झाली तर कळायला वेळ लागतो, म्हणून जास्त लिहितो. बहुतेक छोट्या गाड्यांची नळी ४.७५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची असते, इंचात ३/१६. मेट्रिक गाडीत तिच्यावर एम१० × १ (व्यास १० मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर) नट येतो. इंचाच्या पद्धतीत त्याच नळीवर ३/८ इंच, इंचाला २४ आटे असा नट येतो. दुसऱ्याचा व्यास साधारण ९.५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.०६ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही नट हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. इंचाचा नट मेट्रिक पोर्टमध्ये बोटाने सहज फिरतो, जरा सैल लागतो एवढंच. आवळायला गेलं की आटे वरवरच पकडतात. कधी तिथल्या तिथे सोलून निघतात, ते नशीब म्हणायचं. कधी तात्पुरते धरतात आणि नंतर जोरात ब्रेक मारल्यावर सुटतात. तेव्हा जुना नट सोबत नेऊन नवीन त्याच्याशी पडताळा. तोंडही बघा: डबल फ्लेअरच्या नटाच्या तोंडाला आतून उतार असतो, बबलच्या नटाचं तोंड सपाट असतं. जुने नट गंजलेले नसतील, षटकोन शाबूत असेल, तर ते साफ करून पुन्हा वापरायला माझी हरकत नसते. लांबी आणि आटे हमखास जुळतात. शंका असेल तर नवे.

नळीच्या धातूत खरी निवड दोनांतच आहे. मूळ लाइन बहुधा दुहेरी भिंतीची पोलादी असते. तांब्याचा थर दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून भट्टीत ब्रेझ केलेली (तांबं वितळवून सांधलेली) आणि वरून जस्ताचा किंवा प्लास्टिकचा थर. मजबूत आणि स्वस्त, पण वरचा थर खरवडला गेला की गंज धरते. दुसरी तांबे-निकेलची, साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि थोडं लोखंड. हा मिश्रधातू जहाजांत समुद्राच्या पाण्याच्या पाइपांना वापरतात, त्यावरून त्याची गंजाबद्दलची ख्याती लक्षात येईल. व्होल्वोने १९७० च्या दशकातच गाड्यांत तो वापरायला सुरुवात केली. हाताने वाकतो, फ्लेअर सुबक येतो. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणार नाही. भिंतीची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि नळी ब्रेकसाठी म्हणूनच विकली जात असलेली हवी.

तांबे-निकेल आणि शुद्ध तांबं यांत गोंधळ करू नका. रेफ्रिजरेटरच्या कामाची लालसर तांब्याची नळी दिसायला छान आणि वाकायला लोण्यासारखी, पण थरथरीने ती कडक होत जाते आणि फ्लेअरच्या मानेजवळ तडकते. ब्रेकला ती नको. स्टेनलेस स्टीलची नळी गंजत नाही हे खरं, पण इतकी कडक असते की साध्या हत्याराने केलेला डबल फ्लेअर तडकतो किंवा बैठकीवर नीट बसतच नाही. रेसिंगवाले ती ३७ अंशांच्या वेगळ्या फिटिंगवर स्लीव्ह घालून बसवतात. तुमच्या पोर्टमध्ये ते बसणार नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

जुनी लाइन काढायला घ्याल तेव्हा गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको, आणि डोळ्यांना चष्मा लावा. नटांवर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या दिवशीच मारून ठेवा. साधा फिक्स पाना वापराल तर नटाचे कोपरे गोल होणार, हे धरूनच चाला. यासाठी फ्लेअर नटाचा पाना मिळतो. रिंग पान्यासारखाच, पण नळी आत जाईल एवढी फट ठेवलेला. तो जास्त बाजूंनी पकडतो. लाइन नाहीतरी फेकायचीच आहे, तर त्याहून सोपा मार्ग म्हणजे नटाला लागून नळी कापून टाका आणि सहा कोनी सॉकेट लावून नट फिरवा. नट फिरतोय पण नळीही त्याच्यासोबत पिळतेय असं दिसलं तर नट नळीला गंजून चिकटला आहे. तिथेही कापणं हाच उपाय. रबरी होजच्या बाजूचा नट सोडवताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर कंस आणि होज दोन्ही मुरगळतील. काही जण अडकलेला नट गॅसच्या टॉर्चने तापवतात. ब्रेक ऑइल पेट घेतं, आणि तुमची लाइन इंधनाच्या टाकीशेजारून जाते. तिथे ज्योत अजिबात नको.

ऑइल सगळं वाहून जाऊ नये म्हणून एक साधी युक्ती आहे. ब्रेकचं पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून काठीने तसंच अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधली बारीक छिद्रं पिस्टनखाली झाकली जातात आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल खाली उतरायचं थांबतं. मागचे ब्रेकचे दिवे मात्र पेटलेले राहतील, त्यामुळे त्यांचा फ्यूज काढा, नाहीतर बॅटरी उतरेल. उघड्या पोर्टना रबरी टोप्या लावा. एबीएस असलेल्या गाडीत हे सगळं जास्तच जपून करायचं, कारण त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती साध्या ब्लीडिंगने (ऑइल सोडून हवा काढण्याने) निघेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

जुनी लाइन शक्यतो अखंड काढा. ती तुमचा नमुना. इंधनाच्या टाकीमुळे अखंड निघत नसेल तर ज्या मार्गाने ती जात होती, त्याच मार्गाने एक मऊ तार सरकवून तिला वळणं द्या आणि बाहेर काढून सरळ करून मोजा. जो आकडा येईल त्यात दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरा. फ्लेअरमध्ये काही मिलिमीटर खपतात आणि नळी आखूड पडली तर ती वाढवता येत नाही. गुंडाळी उलगडताना नळी ओढू नका. सपाट जागेवर टोक पायाने धरून गुंडाळी जमिनीवर घरंगळवत न्या आणि उरलेले बाक लाकडी फळीखाली लाटून काढा.

कापायला हॅकसॉ नको. चाकाचा छोटा ट्यूब कटर घ्या. एकदा गोल फिरवायचा, स्क्रू किंचित आवळायचा, पुन्हा फिरवायचा. घाईने आवळला तर नळीचं तोंड आत दबतं. कापून झालं की तोंडाला आतल्या बाजूने धारदार कड राहते. ती रीमरने काढा, बाहेरची कड कानशीने अगदी हलकी मोडा आणि टोक नळीला काटकोनात आहे का ते गुण्याला लावून बघा. तिरकं असेल तर पुन्हा कानस. पोलादी नळीवर प्लास्टिकचा थर असेल तर फ्लेअर होणार तेवढ्या भागावरचा खरवडून काढा, कारण तो थर फ्लेअरच्या बैठकीत आला तर सील होत नाही. मग दुसऱ्या टोकाकडून हवा मारून कण उडवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि फ्लेअर तिरका येण्याची निम्मी कारणं इथेच असतात.

आणि आता नट घाला. फ्लेअर करायच्या आधी, योग्य दिशेने तोंड करून. सुंदर फ्लेअर झाल्यावर टेबलावर पडलेल्या नटाकडे बघत बसण्याची वेळ या धंद्यातल्या प्रत्येकावर येते.

फ्लेअरिंग टूलबद्दल. दोन पट्ट्या, त्यांत वेगवेगळ्या मापांची भोकं आणि वर स्क्रूची कमान, असं स्वस्तातलं हत्यार सगळीकडे मिळतं. तांबे-निकेलच्या नळीवर त्याने चांगला डबल फ्लेअर होतो. पोलादी नळी त्यात घसरते, मग माणूस पट्ट्या अजून आवळतो आणि नळीवर दात उमटतात. पोलाद वापरणार असाल, किंवा गाडीखाली झोपून टोक करायची वेळ येणार असेल, तर हायड्रॉलिक किंवा फिरत्या डायचं चांगलं हत्यार भाड्याने किंवा उसनं मिळतं का बघा. बबलसाठी तर योग्य डायचं हत्यार लागतंच.

पट्टीच्या हत्याराने डबल फ्लेअर करायची पद्धत सांगतो. भोकाच्या ज्या बाजूला उतार आहे त्या बाजूला नळीचं तोंड ठेवा. नळी किती बाहेर ठेवायची हे त्या मापाची डायच ठरवते: डाय पट्टीवर उलटी ठेवायची आणि तिच्या खांद्याची जितकी उंची, तितकीच नळी वर. हे माप डोळ्याने धरू नका. कमी राहिली तर दुमड पुरी होत नाही, जास्त झाली तर फ्लेअर मोठा होऊन नटाच्या मार्गात येतो. पट्ट्या आवळा, शक्य असेल तर पूर्ण हत्यार व्हाइसमध्ये धरा. डायच्या टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको. ब्रेकमधली रबरं खनिज तेलाने फुगतात आणि खराब होतात.

डायची पिन नळीत घालून कमानीचा स्क्रू फिरवा. पहिले काही फेरे सैल जातात. मग धातू दबायला लागतो तेव्हा हाताला एकसारखा विरोध जाणवतो, आणि डायचा खांदा पट्टीला टेकला की स्क्रू एकदम थांबतो. तिथेच थांबा. डाय काढून बघा: तोंड फुगून आत वळलेलं दिसेल आणि मधलं भोक बरोबर मध्यावर असेल. भोक एका बाजूला सरकलं असेल तर दुसऱ्या पायरीने ते सुधारणार नाही, उलट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी कड येईल. कापा आणि पुन्हा करा. भोक मध्यावर असेल तर आता हत्याराचा शंकू लावून स्क्रू फिरवा. आत वळलेली कड खाली दुमडत जाते आणि मागच्या थरावर बसते. बसली की पाव फेरा कमीच चालेल, जास्त नको. कड जितकी चिरडाल तितकी ती पातळ होते, आणि पोर्टमधला शंकू नट आवळताना शेवटची बैठक स्वतःच देतो.

चांगला फ्लेअर उजेडात धरून कसा ओळखायचा? आतला उतार गुळगुळीत, त्यावर आडवी रेघ किंवा खरवड नाही. कडेला चीर नाही. भिंग असेल तर वापरा. बाहेरचा घेर एकसारखा, ४.७५ मिलिमीटर नळीला तो ७ मिलिमीटरच्या आसपास येतो. नट मागून सरकवून फ्लेअरवर टेकवला की चहूबाजूंनी सारखा बसतो. गाडीच्या नळीला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर सराव करा, आणि पाठोपाठचे फ्लेअर एकसारखे यायला लागल्यावरच पुढे जा. सरावातला एखादा फ्लेअर उभा कापून बघा. दुमड आत कशी बसली आहे ते दिसतं आणि हत्यारावर विश्वास ठेवायचा की नाही ते कळतं.

एक टोक झालं की वळणं द्यायला घ्या आणि दुसऱ्या टोकाचा फ्लेअर शेवटी ठेवा. तांबे-निकेलची नळी बोटांनी किंवा सॉकेटसारख्या गोल वस्तूभोवती वाकते. पोलादीला छोटा बेंडर घ्या. वळणाची आतली त्रिज्या १५ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. नळी चपटी झाली किंवा मोड पडली तर तो भाग गेला. पुन्हा सरळ करून वापरायचा नाही. फ्लेअरच्या मागे चार-एक सेंटिमीटर नळी सरळ राहू द्या, नाहीतर नट मागे सरकत नाही आणि हत्यारही पकडत नाही. सगळ्यात गुंतागुंतीच्या टोकाकडून सुरुवात करा आणि प्रत्येक वळणानंतर जुन्या लाइनशेजारी धरून बघा. मास्टर सिलिंडरजवळच्या काही लाइनींना गोल वेटोळे दिलेले असतात. ते वाया गेलेली लांबी समजून सरळ करू नका. तिथले भाग थरथरीने एकमेकांच्या तुलनेत हलतात आणि ती हालचाल वेटोळ्यात जिरते.

तुमच्या बाबतीत टाकीच्या वरचा भाग त्रासाचा आहे. तांबे-निकेलची नळी बऱ्याचदा टाकी न उतरवता सरकवता येते. आधी टोकाला टेप लावा म्हणजे आत घाण जाणार नाही. जमत नसेल तर टाकी थोडी खाली घ्या. सोयीसाठी लाइन टाकीच्या खालून नेणं मात्र नको. तिथे दगड लागतात, आणि जॅक लावणाऱ्याला ती दिसतही नाही. मूळ मार्ग कंपनीने विचार करून ठरवलेला असतो: सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग पूर्ण फिरलं तरी न घासणारा. तोच ठेवा. मूळ क्लिपा सगळ्या परत लावा, तुटलेल्या नव्या घ्या. साधारण दर ३० सेंटिमीटरला आधार असला की नळी थरथरत नाही. पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी रिंग हवीच. जुन्या लाइनवर दगडांपासून वाचवणारी स्प्रिंग असेल तर फ्लेअर करण्याआधी तीही नळीवर ओवायची आहे हे लक्षात असू द्या. प्लास्टिकच्या टायने नळी बांधून क्लिपचं काम भागवू नका.

बसवताना क्लिपा आधी सैल ठेवा. दोन्ही टोकांचे नट बोटांनी कमीत कमी तीन-चार फेरे गेले पाहिजेत. बोटाने जात नसेल तर नळी पोर्टशी सरळ रेषेत नाही. वळण सुधारा, पाना लावू नका. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा बिडाचे असतात, तिथे आडवे चढलेले आटे म्हणजे नळीपेक्षा कितीतरी महागडं नुकसान. दोन्हीकडे नट लागले की क्लिपा बसवा आणि मग आवळा. एम१० नटाला १२ ते १८ न्यूटन-मीटर हा नेहमीचा पट्टा, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. पोलादी फ्लेअर असेल तर एकदा आवळून, किंचित सैल करून पुन्हा आवळा. बैठक चांगली जुळते. नटाच्या मागे नळीवर बाहेरून थोडं रबर ग्रीस लावलं की पुढच्या वेळी नट नळीला चिकटलेला सापडत नाही.

ऑइल नवीन, बंद डब्यातलं. मॅन्युअलमध्ये जे लिहिलं आहे तेच भरा. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारलेली आहेत. कोरडी असताना त्यांचा उत्कलनबिंदू अनुक्रमे किमान २०५, २३० आणि २६० अंश सेल्सिअस. हवेतली ओल शोषली की तो खाली येतो, म्हणून उघडा राहिलेला डबा वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढताना सर्वसाधारण नियम सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायचा, पण तिरक्या सर्किटच्या (एक पुढचं आणि त्याच्या तिरकं समोरचं मागचं चाक एका सर्किटवर असलेल्या) गाड्यांत क्रम वेगळा असू शकतो. मॅन्युअल बघा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेऊ नका. पिस्टनची रबरं एरवी जिथे कधीच जात नाहीत त्या खरखरीत भागावर घासली की मास्टर सिलिंडर आतून गळायला लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम होतं. ऑइलच्या टाकीतली पातळी सतत बघत राहा, ती तळाला गेली की सगळं पहिल्यापासून.

शेवटी चाचणी. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने दाबा आणि कुणाला तरी तसंच मिनिटभर धरायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती किंवा मास्टर सिलिंडरमध्ये दोष आहे. तेवढ्या वेळात तुम्ही प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओल लागली तर नट थोडा आणखी आवळून बघा. तरी ओल राहिली तर फ्लेअर खराब आहे, उघडा आणि नवा करा. गळणारा फ्लेअर जोर लावून बंद करण्याचा हट्ट केला की नट फुटतो किंवा बैठक चिरडते. माझ्याकडे एकदा अशी गाडी आली होती, जिच्या शंकूच्या पोर्टमध्ये कुणीतरी बबलची नळी बसवून नट षटकोन गोल होईपर्यंत आवळला होता. शंकूवर इतका खोल वळ उठला होता की त्यावर पुढे कुठलाही फ्लेअर बसला नाही आणि मास्टर सिलिंडर बदलावा लागला.

कागद कोरडा राहिला तर मोकळ्या जागेत अगदी कमी वेगात ब्रेक तपासा, मग वेग वाढवत जा. दुसऱ्या दिवशी, आणि पुन्हा आठवडाभराने, खाली वाकून सगळे जोड आणि ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. कोरडे असतील तर 'एकदा आणखी आवळून ठेवतो' म्हणून पाना लावू नका. तुमच्याकडे वाहनाची सक्तीची तपासणी असेल तर घरी बनवलेल्या लाइनबद्दलचा नियम आधीच विचारून घ्या. आणि गाडीखाली आहातच तर दुसऱ्या बाजूची मागची लाइनही क्लिप उचलून बघा. तिचं वयही तेवढंच आहे, आणि नळीची गुंडाळी बहुधा दोन्हींना पुरते.